एका स्वेटरात किती मीटर?

सुईवालीच्या घरी उन्हाची वेळ ठरलेली होती. सकाळी नऊच्या सुमारास ते उंबऱ्यावर यायचं आणि तीन वाजले की समोरच्या लाकडाच्या वखारीमागे निघून जायचं, घड्याळाकडे बघत बसलेल्या कारकुनासारखं. त्या सहा तासांत जे विणून होईल तेच खरं. दिव्याच्या उजेडात तिला गडद निळा धागा दिसत नसे. एखादा टाका निसटला तर चार ओळी पुढे गेल्यावर कळायचं, आणि मग त्या चारही ओळींची मेहनत पाण्यात. म्हणून ती पोत्यावर बसून ऊन सरकेल तशी सरकत राहायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. भेगेत लोकर अडकली की ती तोंडातल्या तोंडात शिवी देऊन बोट चोखायची आणि पुढचा टाका घ्यायची.

गेल्या महिन्यात, दव पहिल्यांदा गोठलं त्या सकाळी, वखारीत ओंडका घसरून तिच्या नवऱ्याच्या पायावर आला. तेव्हापासून तो भिंतीला टेकून, फळीत बांधलेला पाय लांब करून बसलेला असे. आयुष्यभर ओंडके उचललेला माणूस आता लोकरीच्या लडीचे गुंडे करून देत होता. गुंडा करता करता त्याला झोप लागायची आणि लोकर पायाभोवती गुंतायची. घरात तिघं, आणि चालते हात दोनच.

हे दोन हात गठ्ठेवाल्याच्या भरवशावर होते. तो दर शनिवारी दुपारी गाडी घेऊन यायचा, लोकर वजन करून द्यायचा आणि स्वेटर वजन करून घ्यायचा. शहरातल्या एका मोठ्या शाळेचे निळे स्वेटर होते ते. गेल्या खेपेला त्याने गाडीतूनच सांगून टाकलं होतं, "नऊ घरं फिरणं मला परवडत नाही. पुढच्या महिन्यापासून चौघीच. येत्या शनिवारी ज्या चार नग पुरे देतील त्या राहतील. बाकीच्या माझ्या नावाने खडे फोडायला मोकळ्या."

मंगळवारी सकाळी सुईवालीचे तीन स्वेटर झाले होते आणि चौथ्याची पाठ सुईवर होती. शनिवार आवाक्यात होता. तिसऱ्या स्वेटरला बटणं लावून तिने तो गुडघ्यावर पसरला.

नवरा म्हणाला, "झकास झालाय गं."

"कसला डोंबलाचा झकास! गळा बघा, तोंड वेंगाडल्यासारखा. उसवून फेकून द्यायच्या लायकीचा आहे मेला."

आता हे ती प्रत्येक स्वेटरला म्हणायची. पंधरा वर्षांत तिने आपल्या हातच्या एकाही नगाला बरं म्हटलं नव्हतं. बरं म्हटलं की हात शेफारतो, असं तिला वाटे. तिच्या आईचीही हीच खोड होती. नवऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो नुसता हसला. पण चुलीपाशी दप्तर भरत बसलेली दहा वर्षांची लेक हसली नाही. मास्तरांनी सांगितलं होतं, घरातलं नको असलेलं, टाकून द्यायचं लोकरीचं काहीतरी आणा. तिच्या घरात टाकून द्यायचं असं काहीच नव्हतं. जुनं होतं ते तिच्या अंगावरच होतं. आणि आता आईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

पोरीला सगळे खारू म्हणत, कारण ती खारीसारखी कुठे स्थिर नसायची. आई पाणी आणायला गेली आणि बाबांचा डोळा लागला, तशी तिने स्वेटर दप्तरात कोंबला आणि शाळेला पळाली.

तीन वाजायच्या सुमारास ती परत आली ती उड्या मारतच. गाल थंडीने लाल झालेले, नाकातून पाणी.

"आई, आई! तुझ्या स्वेटरात किती मीटर धागा होता सांग. सांग ना! पाचशे बारा! आम्ही शाळेपासून विहिरीपर्यंत नेला आणि परत आणला, तरी उरला. मास्तर म्हणाले, तुझ्या आईला माझ्यातर्फे शाबासकी दे."

सुईवालीच्या हातातल्या सुया थांबल्या. "कुठल्या स्वेटरात?"

"तो नाही का, तू उसवून फेकणार होतीस तो."

तिने सकाळपासून पहिल्यांदाच वळून घडी घातलेल्या स्वेटरांकडे पाहिलं. दोनच स्वेटर होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने हात उगारला, पण तो खाली आलाच नाही. पोरगी भेदरून बाबांकडे सरकली. नवरा म्हणाला, "अगं, मारू नकोस. धागा आहे ना? पुन्हा विणता येईल."

"धागा कुठाय?" ती ओरडली.

"वर्गात," खारू रडत म्हणाली. "मोजायला कापला ना. एकेक मीटरचे तुकडे केले."

सुईवाली चपला न घालताच निघाली.

शाळा म्हणजे एक लांब खोली. दक्षिणेला मोठी खिडकी, तिच्या दोन तावदानांच्या जागी पुठ्ठा. मधोमध लोखंडी शेगडी, आणि शेगडीत नुसती राख. मास्तर कोवळा होता, बदली म्हणून आलेला. कोळसा संपल्यापासून चौथी-पाचवीची वीस पोरं बारावर आली होती. आणखी कमी झाली तर खोलीला कुलूप लागणार, हे त्याला वरून कळवलं होतं. म्हणून तो बिचारा डोकं लढवत होता. वहीत त्याने ‘थंडीचे उपक्रम’ असं लिहून खाली आकडे घातले होते. काठीची सावली रोज बाराला मोजायची. पन्हाळीला लोंबणारे बर्फाचे सुळके पट्टीने मोजायचे. बादलीतलं पाणी किती वेळात गोठतं त्याचा तक्ता करायचा. पोरं कुडकुडत यायची, पण यायची. विसावा उपक्रम होता, एका स्वेटरात किती मीटर.

सुईवालीने दारातून पाहिलं. बाकांवर निळे तुकडे दहा-दहाच्या जुड्या करून नीट मांडले होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला त्या मांडणीचं कौतुक वाटलं असतं.

"मास्तर, पोरांना शिकायला पाठवतो आम्ही की आमचं पोट कापायला?"

मास्तरला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो बाकावर बसलाच. "ताई, ती म्हणाली टाकून द्यायचा आहे. मी विचारलंसुद्धा. इतका नवा कसा, म्हणून. ती म्हणाली, आईच म्हणाली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने पदराने डोळे पुसले आणि एक जुडी उचलली. पुन्हा ठेवली. मग दोन तुकडे घेऊन त्यांची टोकं एकमेकांत अडकवली आणि ओढली. बारीक, घट्ट गाठ बसली.

"ही गाठ येते का तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही. पण शिकेन. आणि मुलंही शिकतील."

बुधवारी सकाळी आठ वाजता ती सुया घेऊन वर्गातच आली. घरापेक्षा इथे उजेड दोन तास जास्त होता. दुसरीनंतर तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता बारा पोरं तिच्या बोटांकडे टक लावून बघत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अडल्या माणसाला लाज परवडत नाही. तिने गाठ तीनदा करून दाखवली. चौथ्यांदा पोरांनी केली. एका जाड्या पोराने तुकड्याबरोबर स्वतःचं बोटच बांधून घेतलं. सगळी हसली आणि तीही हसली, मग आपण हसलो म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मास्तर गप्प बसणारा नव्हता. त्याने फळ्यावर लिहिलं, एका गाठीत किती धागा जातो? पोरांनी मोजलं. सहा सेंटीमीटर. तुकडे पाचशे बारा, तर गाठी किती?

"पाचशे बारा!" जाड्या ओरडला.

"पाचशे अकरा," खारू म्हणाली. "शेवटचं टोक कुणाला बांधणार?"

मास्तरने हिशेब पुरा केला. सुमारे एकतीस मीटर कमी पडणार होते. फळ्यावरच्या खडूच्या आकड्याकडे सुईवाली बघत राहिली. नुसत्या अंदाजाने तिला हे परवा, गळ्यापाशी आल्यावर कळलं असतं.

दुपारी ती धाकट्या जावेकडे गेली. जाऊही गठ्ठेवाल्याच्याच नऊ जणींपैकी एक. दोघींमध्ये वर्षभर विस्तव जात नव्हता, कारण सांगण्यासारखं नव्हतं.

"एकतीस मीटर दे. परत करीन."

"ताई, माझी लोकर वजनाची आहे. तुम्हाला दिली तर माझा नग हलका भरेल. मग चौघींत मी कशी येणार?"

"खरं आहे तुझं," सुईवाली म्हणाली आणि मागे फिरली. अंगणाच्या टोकापर्यंत गेल्यावर जावेने हाक मारली. तिच्या हातात मुठीएवढा निळा गुंडा होता. गेल्या तीन महिन्यांतली उरलेली टोकं जोडून तिने तान्ह्या पोराच्या मोज्यांसाठी ठेवलेला.

"हा वजनातला नाही. न्या. आणि बाह्या जोडायला घेऊन या माझ्याकडे, मी जोडून देईन. तुमचं एकटीचं काय काय होणार!"

सुईवालीला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती नुसती "येते" म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती विणतच होती. पोरं गाठी मारत पुढे पळत आणि ती मागून विणत येई. प्रत्येक ओळीला एक तरी गाठ यायची. ती आतल्या बाजूला ढकलायची, सुईच्या टोकाने दाबायची, मग पुढचा टाका. गुरुवारी उजव्या अंगठ्याची भेग उलली आणि रक्त आलं. निळ्यावर रक्त दिसत नाही, एवढंच काय ते नशीब. खोलीत इतकी थंडी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ यायची. पोरं गाठ मारायची, हात काखेत घालायची, पुन्हा गाठ मारायची. गाठी संपल्यावर रिकाम्या पोरांनी पेन्सिलींवर टाके घालून बघितले. मास्तर म्हणाला, शिकवा ना ताई, आता आलाच आहात तर. तिने सुलट शिकवला, उलट शिकवला. जाड्याला नाही जमलं, बाकी सगळ्यांना जमलं.

खारूला मात्र तिने बजावून ठेवलं होतं की सुईला हात लावायचा नाही. तिला लेकीचे हात आपल्यासारखे व्हायला नको होते. डोळे तर नकोच नको. पोरगी आकड्यात हुशार होती. बाहेरच्या शाळेत जाईल, कुठेतरी खुर्चीवर बसेल, असं तिने मनात धरलं होतं. पण शुक्रवारी दुपारी तिची बोटं वळेनाशी झाली, आणि चौथ्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या अजून बाकी होत्या. ती शेगडीपाशी गेली, राख उकरली, काही नाही. हात तोंडाशी धरून फुंकले. परत आली तर खारू खिडकीत बसून बाही विणत होती. तिने किती तरी ओळी केल्या होत्या. टाके एकसारखे, न ताणलेले, न सैल. आईने बोट फिरवून पाहिलं. आपलीच बाही म्हणून खपली असती.

"कधी शिकलीस?"

"तुझ्याकडे बघून. उसवू?"

सुईवालीला रडू आलं. अभिमानाचं की भीतीचं, ते तिचं तिलाच कळेना. "नको," ती म्हणाली. "पुरी कर."

शनिवारी बारा वाजता चार स्वेटर बाकावर होते. जावेने शिवण इतकी सफाईने घातली होती की कुठे जोड दिसत नव्हता. गठ्ठेवाला घरी जाऊन आला, नवऱ्याने त्याला शाळेत पाठवलं. तो तराजू घेऊनच वर्गात शिरला आणि तिथली थंडी बघून त्याने मफलर आवळला.

पहिला स्वेटर बरोबर भरला. दुसरा, तिसराही. चौथा ठेवताना सुईवालीने श्वास रोखला. तोही भरला, उलट किंचित जास्तच. तिने श्वास सोडला, तेवढ्यात त्याने सवयीने तो उलटा केला.

"हे काय?" त्याने तळवा फिरवला. "हा स्वेटर आहे की गाठोडं?"

"बाहेरून एकही दिसत नाही, शेठ."

"स्वेटर कुणी बाहेरून घालतं का? शहरातली पोरं आहेत ती. अंगाला टोचलं की त्यांची आई शाळेच्या दारात, आणि शाळा माझ्या दारात." त्याने स्वेटर बाकावर टाकला. "तीन झाले. चार म्हटले होते."

"शेठ, पुढच्या शनिवारी दोन जास्तीचे देते. लोकर तेवढी द्या. यांचा पाय बरा होईपर्यंत तरी. पाया पडते तुमच्या."

आणि ती खरंच वाकली. बारा पोरांसमोर, मास्तरसमोर. खारू उभी राहून बघत होती. गठ्ठेवाला मागे सरला. तोही काही राक्षस नव्हता, त्याला अवघडल्यासारखं झालं. कुठे बघावं म्हणून त्याने दुसराच स्वेटर उचलला, खारूच्या बाह्यांचा, आणि बाही ओढून पाहिली.

"ही वेगळ्या हाताची आहे. कुणाची?"

"माझी," खारू म्हणाली. आई वाकलेली तिला बघवत नव्हती, आणि कसंही करून आईची बाजू सावरायची होती. "मी कालच शिकले. आणि आम्हाला सगळ्यांना येतं. जाड्या सोडून."

गठ्ठेवाल्याने बाकांवरून नजर फिरवली. पेन्सिलींवर लोंबणाऱ्या निळ्या पट्ट्या बघितल्या. दोन-तीन उचलून ओढूनही बघितल्या. मग खिडकी, मग शेगडीतली राख.

"मास्तर, कोळसा नाही वाटतं?"

"महिना झाला."

"मी टाकतो. अख्खा हिवाळाभर. ही तावदानंही बसवून देतो." तो बाकावर टेकला. "नऊ काय आणि चार काय, घरोघर फिरायलाच नको. इथे एका खोलीत अकरा जोड्या हात आहेत. उजेड आहे तोवर विणायचं, मग तुमची पुस्तकं. बाई, तुम्ही यांच्यावर देखरेख करायची. तुमचं काम सुटलं नाही, वाढलंच."

"आणि बाकीच्या आठजणी?" सुईवालीने विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे तो मुठीएवढा गुंडा आला.

"त्यांना मी सांगेन. तुमचं नाव येणार नाही."

मास्तर म्हणाला, "उजेड गेल्यावर पुस्तकं कशी वाचणार?" पण ते त्याने हळूच विचारलं. पुढे म्हणाला, "निदान दुपारनंतर तरी सोडा." गठ्ठेवाला म्हणाला, "दोन वाजता सोडू." मास्तर शेगडीकडे बघत राहिला. शेगडी पेटली तर वीसची वीस पोरं परत येणार होती. कुलूप लागणार नव्हतं.

"माझी पोरगी विणणार नाही," सुईवाली एकदम म्हणाली. "बाकीच्यांकडून घेईन करून. ही नको."

अकरा पोरं तिच्याकडे बघत होती. याच पोरांनी तीन दिवस गारठलेल्या बोटांनी तिच्यासाठी पाचशे अकरा गाठी मारल्या होत्या. त्यातली एक लहानखुरी मुलगी अजून हात काखेत धरून बसली होती. आपण काय बोललो ते सुईवालीला कळलं, आणि तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सगळ्यात चांगला हात तिचाच आहे," गठ्ठेवाला म्हणाला. "ती नसेल तर मग राहू द्या. मला दुसरं गाव आहे." त्याने तराजू उचलला.

घरी नवरा फळीत बांधलेला पाय लांब करून बसला असेल. पातेल्यात सकाळचं उरलेलं तेवढंच होतं.

"ठेवा लोकर," ती म्हणाली.

सोमवारी शेगडी पेटली. वर्गात वीस पोरं आली, लाल निखाऱ्यांकडे बघून हसली, स्वेटरची बटणं सोडून बसली. नवीन तावदानातून ऊन थेट बाकांवर येत होतं. येताना वाटेत सुईवालीला जाऊ भेटली होती. बाजूला होऊन तिने वाट दिली. मास्तरने टेबलापाशी बसून वही उघडली आणि विसाव्या उपक्रमाखाली एकवीस हा आकडा घातला. त्यापुढे काय लिहावं ते त्याला बराच वेळ सुचलं नाही. मग त्याने ‘विणकाम’ असं लिहिलं आणि वही मिटली.

सुईवाली एकेका बाकापाशी जाऊन टाके घालून देत होती. खारूपाशी आली तेव्हा पोरीने आपणहून सुया पुढे केल्या. तिला आईला खूश करायचं होतं.

"आई, बर्फाचे सुळके मोजायचे राहिलेत. आज मास्तर आम्हाला सरासरी शिकवणार होते. ते कधी?"

सुईवालीने तिच्या बोटाकडे पाहिलं. पेरापाशी एक बारीक भेग नुकतीच पडली होती.

"दोन वाजता," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी टाके घाल. आणि उजेडाकडे तोंड करून बस."

मग ती पुढच्या बाकाकडे गेली.